ओळीखालची पट्टी

मी एक जुनी लाकडी फूटपट्टी आहे. नावात फूट असला तरी आता मी पूर्ण एक फूट भरत नाही, हे आधीच सांगून टाकते. लपवाछपवी मला जमत नाही. माझा जन्मच नाकासमोर बघून चालण्यासाठी झाला आहे, त्यामुळे बोलणंही सरळसोट. कोणाला टोचलं तर माझा इलाज नाही.

मित्रांनो, लाकडी वस्तूंच्या एका कारखान्यात मी जन्मले. मोठ्या फळीतून मला चिरलं, रंध्याने सपाट केलं, पॉलिश पेपरने घासलं आणि अंगावर काळ्या रेघा छापल्या. एका कडेला इंच, दुसऱ्या कडेला सेंटिमीटर. शेवटच्या टेबलावर एक म्हातारा कारागीर बसायचा. तो एकेक पट्टी डोळ्यासमोर आडवी धरून बघायचा. वाकडी निघाली की शेजारच्या खोक्यात, आणि ते खोकं संध्याकाळी भट्टीत. मला त्याने जरा जास्तच वेळ धरलं. माझा जीव टांगणीला लागला. मग तो म्हणाला, "चालेल." आमच्या धंद्यात याहून मोठं कौतुक कोणी करत नाही.

तिथून मी शाळेत आले. शाळेत पाच वर्ग होते आणि माझ्या वाट्याला आला मधला, तिसरीचा. पहिली-दुसरीच्या पुस्तकात पानभर चित्र असतं आणि खाली दोन ओळी. तिसरीत हे उलटं होतं. पानभर ओळी, आणि चित्र कुठेतरी कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं. आठव्या वर्षी मुलांसमोर हा केवढा डोंगर उभा राहतो, हे मोठी माणसं साफ विसरून जातात.

माझे पहिले मालक एक गुरुजी होते. माणूस वाईट नव्हता, पण तापट. खरं तर वह्यांना समास आखायला मला आणलं होतं. त्यांनी मला टेबलावर आपटून वर्ग गप्प केला, आणि मुलांच्या तळहातांवरही चालवलं. हे सांगताना मला लाज वाटते, पण सांगते. तेव्हा वर्गात एक मुलगी होती, सगळ्यांत उंच, कारण ती तिसरीत दुसऱ्यांदा बसली होती. तिला वाचता यायचं नाही. गुरुजींना वाटायचं, आळस करते. रोज एक धडा आणि रोज दोन फटके. ती आपणहून हात पुढे करायची आणि डोळे मिटून घ्यायची. एक दिवस ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. हजेरीपटात तिच्या नावापुढे महिनाभर फुल्या पडल्या आणि मग नावच गेलं. मारणारा हात माझा नव्हता असं म्हणून मी सुटू शकते, पण मला ते पटत नाही. तिचं पुढे काय झालं ते मला कधीच कळलं नाही.

आपटून आपटून माझं शून्याकडचं टोक झिजलं. बोटाच्या नखाएवढं लाकूड गेलं असेल. पण शून्यच गेला तर पुढचं सगळं मोजमाप चुकतं. गुरुजी निवृत्त झाले आणि मी कपाटात, तुटक्या खडूंच्या डब्यात जाऊन पडले. सात वर्षं पडून होते. भेटायला फक्त एक पाल यायची, तीही किड्यांसाठी.

मग वर्गावर नव्या बाई आल्या. त्यांनी कपाट आवरताना मला उचललं, माझं झिजलेलं टोक पाहिलं आणि म्हणाल्या, "हिच्यावर मोजता येणार नाही. पण ओळीखाली ठेवता येईल." त्यांनी मला ओल्या फडक्याने पुसलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी माझ्याशी असं वागलं होतं.

बाईंची वाचनाची एक पद्धत होती. नवा धडा आला की आधी त्या स्वतः मोठ्याने वाचून दाखवायच्या, सावकाश, जिथे थांबायचं तिथे थांबून. मग एकेक मूल पुढे येऊन तोच धडा वाचायचं. वाचणाऱ्याने मला ओळीखाली ठेवायचं आणि ओळ संपली की खाली सरकवायचं, म्हणजे नजर भरकटत नाही. जो न अडखळता वाचेल त्याला बाई म्हणायच्या, "हा आपला पट्टीचा वाचक." मुलं हसायची, आणि मीही मनातल्या मनात फुगायचे.

ओळीखाली पडल्यावर मला एक गोष्ट दिसते, जी समोर बसलेल्या बाईंनाही दिसत नाही. ती म्हणजे वाचणाऱ्याचे डोळे. वाचणारे डोळे अक्षरांवरून पावलं टाकत जातात. मधेच अडतात, एक पाऊल मागे येतात, पुन्हा पुढे जातात. मी असे शेकडो डोळे पाहिले आहेत.

आता टकळीबद्दल सांगते. हे तिचं खरं नाव नव्हे. तोंडाची टकळी सतत चालू, म्हणून वर्गाने ठेवलेलं. तिची आई बेकरीत पाव भाजायची आणि टकळी त्या बेकरीच्या इतक्या गोष्टी सांगायची की मधल्या सुट्टीत मुलं डबे उघडे ठेवून ऐकत बसायची. तिचं वाचन म्हणजे तर काय विचारता. घडाघडा, स्पष्ट, बाईंसारखेच चढउतार. सगळ्यात जास्त वेळा 'पट्टीचा वाचक' तीच ठरली.

पण तिने मला पहिल्यांदा हातात घेतलं, तेव्हा तिसऱ्या ओळीतच काहीतरी चुकतंय हे मला कळलं. ती नदीबद्दल बोलत होती आणि मी ज्या ओळीखाली होते तिथे नदी नव्हतीच, घोडा होता. तिचे डोळे पावलं टाकत नव्हते. ते कागदावर एकाच जागी थिजलेले होते. श्वास घ्यायला थांबली की ती मला खाली ढकलायची. तिच्या तोंडातला धडा पाचव्या ओळीवर आणि मी आठव्या. टकळीला वाचता येत नव्हतं. बाईंनी एकदा वाचलेलं तिच्या डोक्यात जसंच्या तसं बसायचं आणि तेच ती परत म्हणून दाखवायची.

लिहिताना ती फळ्यावरची अक्षरं चित्र काढावं तशी उतरवायची. शुद्धलेखनाला शेजारणीच्या वहीत डोकवायची. बाई शेरा द्यायच्या, 'हुशार आहे, पण घाई करते.' मी सगळं पाहत होते. पण पट्टीला कुठे तोंड असतं? आमचं आपलं अळीमिळी गुपचिळी. मला एकच भीती होती. तिसरी अशीच निघून गेली तर चौथीत तिला कोणी आधी वाचून दाखवणार नव्हतं. तिथे धडे लांब, गणितंसुद्धा पाच-पाच ओळींची. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तीही एक दिवस हजेरीपटातून नाहीशी होईल, असं मला रोज वाटायचं.

आमच्या वर्गाच्या भिंतीवर जगाचा नकाशा होता. बाई मुलांना सांगायच्या, "जगात सगळीकडे तुमच्या वयाची मुलं आत्ता अशाच एका मधल्या वर्गात बसली आहेत. कुठे त्याला तिसरी म्हणतात, कुठे दुसरंच काही. नावं वेगळी, पण गुणाकार सगळीकडे तेवढाच अवघड." बाईंनी तीन-चार देशांतल्या अशा वर्गांशी पत्रव्यवहार सुरू केला होता. बाईंची बहीण भाषांतराचं काम करायची. ती आलेली पत्रं आमच्या भाषेत उतरवून द्यायची आणि आमची त्यांच्या भाषेत. एका देशात मुलं बूट बाहेर काढून वर्गात जातात हे आम्हाला त्या पत्रांतून कळलं. दुसरीकडे म्हणे या वर्षी शाईच्या पेनाने लिहायची परवानगी मिळते, आणि पहिल्या आठवड्यात सगळ्यांची बोटं निळी असतात. पत्रंसुद्धा आधी बाई वाचायच्या आणि मग मुलं.

सातव्या महिन्यात एक लांबलचक पत्र आलं. त्या शनिवारी पालकांनाही बोलावलं होतं. आणि नेमका त्याच दिवशी बाईंचा आवाज बसला. घशातून नुसती हवा यायची. पत्र त्यांनी सकाळी मनातल्या मनात वाचलं होतं, पण वर्गाला वाचून दाखवणं शक्य नव्हतं. त्यांनी हसून टकळीकडे बोट केलं आणि कशीबशी कुजबुजल्या, "आज थेट तूच वाच."

मागच्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन, टकळीची आई बसली होती. कामावरून तशीच आली होती. बाहीला पीठ लागलेलं होतं. बाईंचं बोट आपल्या मुलीकडे वळल्यावर तिने शेजारी बसलेल्या एका आईला कोपराने हळूच ढोसलं.

टकळी पुढे आली. तिने मला पहिल्या ओळीखाली ठेवलं. मला वाटलं, आता हिचं पितळ उघडं पडणार, आणि तेही आईसमोर. तिने एकदा मागच्या बाकाकडे पाहिलं. मग तिने सुरुवात केली.

"प्रिय मित्रांनो, तुम्ही कसे आहात? आम्ही मजेत आहोत. आमच्या वर्गाला आठ खिडक्या आहेत. सात खिडक्यांतून आकाश दिसतं आणि आठवीतून एक बेकरी दिसते. त्या बेकरीचा कुत्रा गणिताच्या तासाला बरोबर खिडकीखाली येऊन झोपतो, कारण तेव्हा वर्ग शांत असतो."

मुलं खदखदली. टकळीने श्वास घेतला आणि मला खाली सरकवलं. मी पडले होते त्या ओळीत यातलं काहीही नव्हतं. तिथे घेवड्याच्या बिया होत्या. मुलांनी रिकाम्या डब्यांत घेवडा लावला होता, त्याचं पत्र होतं ते. टकळी मात्र पुढे निघाली होती. त्या देशात म्हणे बर्फ पडलं की बाई वर्गाबाहेर जाऊन आधी स्वतः घसरून दाखवतात. एका मुलाचा दात पडला, तो सापडेना, शेवटी तो भाकरीत सापडला आणि दोन मुलांनी दोन आठवडे काही खाल्लंच नाही. पालकही हसत होते. फक्त बाई हसत नव्हत्या. त्यांनी खरं पत्र वाचलेलं होतं.

पण रचून रचून माणूस किती रचणार? टकळीच्या गोष्टी संपत आल्या. पत्र कसं संपवतात ते तिला आठवेना. मग तिचा आवाज बारीक झाला.

"आमच्या वर्गात एक मुलगी आहे. तिला ऐकलेलं सगळं पाठ होतं. पण कागदावरचं तिला काहीच येत नाही. हे कोणाला माहीत नाही. तुमच्या वर्गात अशी मुलं आहेत का? असली तर तुम्ही त्यांचं काय करता? कळवा. तुमचे मित्र."

टाळ्या पडल्या. तिच्या आईच्या सगळ्यात जोरात. पहिल्या बाकावरचा गोट्या उठून म्हणाला, "बाई, त्यांना लिहा, तिला पुढच्या बाकावर बसवा म्हणावं. मला नीट दिसत नव्हतं तेव्हा मला बसवलं होतं ना."

बाईंनी मान हलवली आणि पालकांना हात जोडून निरोप दिला. टकळीला मात्र थांबायला सांगितलं. आईला वाटलं, शाबासकी द्यायची असेल. ती बाहेर व्हरांड्यात थांबली.

वर्ग रिकामा झाल्यावर बाईंनी मला टेबलावरून उचललं. मित्रांनो, चिडलेला हात कसा धरतो ते मला पाठ आहे, आणि बाईंची पकड घट्ट होती. माझं सगळं आयुष्य त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर आलं. टकळी माझ्याकडे बघत होती. तिने हळूच हात पुढे केला. तिला असं करायला कोणी शिकवलं होतं, देव जाणे. बाईंनी तो हात पाहिला, मला पुस्तकावर ठेवलं आणि स्वतः लहान बाकावर तिच्या शेजारी बसल्या.

"कधीपासून?" त्या कुजबुजल्या.

"पहिलीपासून."

"मला सांगितलं का नाहीस?"

टकळी मान खाली घालून म्हणाली, "तुम्ही शाब्बास म्हणायचात ना."

बाई बाकावरून उठल्या. मग त्यांनी आईला आत बोलावलं. आईला समजायला वेळ लागला. समजल्यावर ती खाली बसली. "म्हणजे माझी पोर ढ आहे का हो?"

"ढ असती तर उभ्या उभ्या एवढं पत्र रचलं असतं का?" बाई तशाच कुजबुजत म्हणाल्या. "चूक माझी आहे. मी रोज आधी वाचून दाखवत होते आणि ही मलाच माझं वाचन परत देत होती. सात महिने मी ते कौतुकाने ऐकलं." मग त्या टकळीकडे वळल्या. "तू विचारलेला प्रश्न चांगला आहे. तो आपण त्यांना खरंच विचारू." आणि आमच्या वर्गाच्या पुढच्या पत्रात तो प्रश्न खरोखर गेला.

मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्या नियमाला पक्क्या होत्या. बाईंनी सगळं त्यांच्या कानावर घातलं. त्यांनी सांगितलं, "वर्ष संपायच्या आत हिने कधीही न पाहिलेला, न ऐकलेला एक मजकूर माझ्यासमोर वाचून दाखवायचा. नाहीतर तिसरी पुन्हा." मला उंच मुलीची आठवण झाली आणि माझ्या सगळ्या रेघा शहारल्या.

त्या दिवसापासून शाळा सुटल्यावर अर्धा तास बाई, टकळी आणि मी. बाई आधी काहीही वाचून दाखवायच्या नाहीत. मी ओळीखाली, आणि टकळी एकेका अक्षराशी झुंजत असायची. पहिल्या दिवशी अर्ध्या तासात तीन शब्द झाले. ती रडकुंडीला यायची. "तुम्ही एकदाच वाचा ना, मग मी म्हणते," अशी गयावया करायची. बाई नाही म्हणायच्या. एकदा तिने मला भिंतीवर फेकून मारलं. माझी कड तुटली. मला राग आला नाही. त्या उंच मुलीच्या तळहातांचं देणं माझ्याकडे बाकी होतंच.

सगळ्यात अवघड झालं ते वर्गात. आता वर्गातही ती खरंच वाचायची, म्हणजे अडखळायची. मुलं एकमेकांकडे बघायची. "हिला काय झालं? आधी तर घडाघडा वाचायची," शेजारीण म्हणाली आणि तीन-चार जण हसले. टकळी धडा अर्धा टाकून जागेवर गेली. दोन दिवस तिने तोंडच उघडलं नाही. टकळीने दोन दिवस मुकं राहायचं म्हणजे बघा. तिसऱ्या दिवशी ती आपणहून पुढे आली, मला ओळीखाली ठेवलं आणि वर्गाला म्हणाली, "आधी मी वाचत नव्हते. आता वाचते." मग तिने दोन ओळी वाचल्या. गोट्या काहीतरी विचारायला उठला, मग त्याचं त्यालाच समजलं आणि तो खाली बसला.

वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात परदेशातून उत्तर आलं. बाईंच्या बहिणीने ते आमच्या भाषेत उतरवलं आणि पाकीट बंद करून पाठवलं. बाईंनीही ते उघडलं नव्हतं. त्या मोठ्या बाईंना म्हणाल्या, "न पाहिलेला मजकूर हाच." मोठ्या बाई भरल्या वर्गात येऊन खुर्चीत बसल्या. त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. पाकीट टकळीनेच फोडलं आणि मला पहिल्या ओळीखाली ठेवलं.

"तु... तुमचं पत्र मिळालं," तिने वाचलं. मी खाली सरकले. "आमच्या घे... घेव... घेवड्याला शेंगा आल्या." मी पुन्हा खाली सरकले, आणि या वेळी बरोबर ओळ संपल्यावर. "तुम्ही वि... विचारलंत, की ज्यांना वाचता येत नाही त्यांचं आम्ही काय करतो. आमच्या वर्गात अशी तीन मुलं आहेत. त्यां... त्यांच्यातला..."

इथे ती अडली. पुढचा शब्द छोटा होता. वर्गातल्या कोणालाही तो सांगता आला नसता, कारण कागद फक्त तिच्यासमोर होता. तास संपल्याची घंटा झाली. कोणी उठलं नाही. मोठ्या बाईंनी टेबलावरचं घड्याळ उचललं आणि पर्समध्ये ठेवून दिलं.

मित्रांनो, ती अडली आहे तोवर मला तुमच्याकडे एक मागणं मागायचं आहे. माझी काळजी घेऊ नका. माझी कड तुटली, शून्य झिजला, तरी माझं भागतं. पण तुमच्या शेजारी कोणी एखाद्या शब्दापाशी असं अडकून उभं राहिलं तर हसू नका, आणि दया येऊन तो शब्द पटकन सांगूनही टाकू नका. तुम्ही देशाच्या या टोकाच्या तिसरीत असा, नाहीतर जगाच्या त्या टोकाच्या. मी त्या दिवशी एकाच ओळीखाली चांगली चार मिनिटं पडून होते. मला कुठे जायचं होतं?

"...एक मी आहे," टकळीने वाचलं. मग तिने मान वर केली आणि वर्गाकडे बघितलं, हे खरंच इथे लिहिलंय का, अशा चेहऱ्याने. आणि पुन्हा कागदाकडे वळली. मी शेवटच्या ओळीखाली गेले.

"हे पत्र लि... लिहायला मला चार दिवस लागले. बाकीचे थांबले."

खाली आणखी ओळ नव्हती. तरीही तिने मला आणखी एक बोट खाली सरकवलं.